चित्राखालचं नाव

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, ताई, नव्या चित्रकारांसाठी काहीतरी लिहा. कलेवर पोट कसं भरायचं, आपलं काम लोकांच्या नजरेत कसं आणायचं, असा अनुभवाचा लेख द्या. सोबत परिचय आणि एक फोटो. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. मग डोकं तापलं. माझं काम नजरेत आलं नाही असं कोण म्हणेल? लातुरात शिकून डॉक्टर झालेल्या कितीतरी पोरापोरींनी माझा बेडूक, माझं हृदय, माझी जास्वंद हात दुखेपर्यंत घोटलीय. आजही कुठल्या शहरात एखादा डॉक्टर पेशंटला कागदावर हृदय काढून दाखवत असेल, तर ती माझ्याच हृदयाची नक्कल असणार. काम पोचलं हो. मी पोचले नाही. काम चांगलं असलं की नाव आपोआप होतं, असं मला ज्या ज्या शहाण्यांनी सांगितलं त्यांना एकदा रांगेत उभं करून चार शब्द सुनवायची माझी फार इच्छा होती. ते आता सापडत नाहीत, तर तुम्ही ऐका.

माझे वडील हिमायतनगरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. मी नांदेडला चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करत होते, तेव्हा सुट्टीत घरी आले की ते माझी चित्रं खाटेवर मांडायचे आणि चित्र बघायच्या आधी खालचा कोपरा बघायचे. मी सही करायला लाजायचे. एकदा ते चांगलेच रागावले. म्हणाले, "माझा बाप अंगठा लावायचा. मी सही करतो. तू चित्रावर कर. आपल्यात नाव लिहायला लई पिढ्या गेल्यात, ते असं गाळू नको." छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा ते शाळेत जाणारं पोर होते, आणि पाटीवर स्वतःचं नाव लिहिल्याचं ते कालचं असल्यासारखं सांगायचे. मी पुढं लग्न होऊन लातूरला आले. आमचे हे दाळमिलमध्ये हिशेब बघायचे. मला शाळेत नोकरी काही लागली नाही, का लागली नाही ते मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आणि मग भूकंप झाला. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी माझ्यापुरतं सांगते. बाहेरगावची एक संस्था घरं बांधायच्या कामाला आली होती. दगडामातीच्या भिंतींखाली माणसं गेली, म्हणून नव्या भिंतीचे कोपरे कसे बांधायचे, लाकूड कुठं घालायचं, हे वाचता न येणाऱ्यांना चित्रांतून दाखवायचं होतं. त्यांना हात हवा होता, माझा होता. औसा तालुक्यातल्या गावांत पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी भिंती काढल्या, कोपरे काढले, गवंडी काढले. पुस्तिका छापून आली. मागच्या पानावर आभार होते. इंजिनिअरांचे, साहेबांचे, पैसे देणाऱ्यांचे, जीपच्या ड्रायव्हरचेसुद्धा. ड्रायव्हरचं नाव असायलाच पाहिजे, रस्ते फार वाईट होते. पण अख्ख्या पुस्तिकेत चित्रांशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि चित्रं काढणारीच गायब! मी विचारलं तर तिथला पोरगेलासा साहेब म्हणाला, मॅडम, हे सेवेचं काम आहे. मग तुमचं नाव कसं काय आलं सेवेत, असं मी विचारलं. तो फायली आवरायला लागला.

त्याच शेडमध्ये एक म्हातारी रोज माझ्या शेजारी येऊन बसायची. गिरजाबाई म्हणू तिला. कोपरे, भिंती यांच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. एक दिवस म्हणाली, तू माणूस काढतीस का? तिची चार वर्षांची नात भिंतीखाली गेली होती. फोटो एकही नाही. त्या काळी गावात फोटो लग्नात काढायचे, आणि ती पोर अजून कुणाच्या लग्नात मिरवली नव्हती. मला वाटलं नव्हतं जमेल. गिरजाबाई सांगत गेली, कपाळ माझ्यावानी, नाक बापाचं, डोळं कुणाचंच न्हाई, तिचं तिचंच. शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या आणि भांडायला लागल्या. एक म्हणे दातात फट होती, दुसरी म्हणे दात पडलाच होता. पोरीची आई, शेवंता, खांबाला टेकून बसली होती, ती एवढंच म्हणाली की भुवया मधे जुळल्या होत्या. माझ्याकडं रंग नव्हते, भिंती काढायचा शाईचा पेन होता. मी ठिपक्या ठिपक्यांनी चेहरा भरत गेले, कागद बदलत गेले, नव्यानं काढत गेले. शेवटी गिरजाबाईनं कागद हातात घेतला आणि दाराच्या उजेडात नेऊन बघितला.

मग म्हणाली, "हीच. आता तुझं नाव घाल खाली. उद्या कुणी इचारलं, कुणी काढली, तर म्या काय सांगू?"

मी काय सांगू तुम्हाला! पुस्तिकेच्या साहेबाला जे सुचलं नाही ते या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईला सुचलं. मी खाली माझं पहिलं नाव लिहिलं, ठळक, वळणदार, वडलांना दिसेल असं. आडनाव लिहायला जागा नव्हती. गिरजाबाईनं त्यावरून बोट फिरवलं. तशी चित्रं मी तिथं आणखी काढली, पण नाव दुसऱ्या कुणी मागितलं नाही, आणि अशा जागी आपण होऊन सही करायची मला शरम वाटली.

पुढची काही वर्षं भराभर गेली. लातूरची पोरं बोर्डात चमकायला लागली आणि गावाला क्लासेसचं वेड लागलं. जिथं तिथं पाट्या, रिक्षांच्या मागं पोरांचे फोटो, खोल्या भाड्यानं, मेस. क्लास म्हटलं की नोट्स आल्या आणि बायोलॉजीच्या नोट्स म्हटलं की आकृत्या आल्या. लोकांना वाटतं त्यात काय, पुस्तकातून उचलायचं. तसं नसतं. पुस्तकातली आकृती शिकायला असते, क्लासची आकृती परीक्षेत पोराला झटपट काढता आली पाहिजे. रेघा कमीत कमी, पण एकही चुकीची नाही. सावली घासून द्यायची नाही, कारण झेरॉक्समध्ये तिचा काळा चिखल होतो, म्हणून ठिपके. भागांची नावं एका बाजूला सरळ रांगेत, बाणांच्या रेघा एकमेकींना कापता कामा नयेत. हे सगळं ट्रेसिंगच्या कागदावर, काळ्या शाईत, चुकलं तर ब्लेडनं हळूच खरवडायचं, कागद फाटला की पुन्हा पहिल्यापासून. बेडकाचं पोट मी इतक्या वेळा काढलंय की आमचे हे म्हणायचे, घरात पाल दिसली तरी तू आतून बघतेस.

मला काम दिलं ते बायोलॉजीच्या एका बड्या सरांनी. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी माझं कधी लिहिलं नाही, फिट्टंफाट. नोट्सच्या प्रत्येक पानावर वर सरांचं नाव, खाली सरांचं नाव, आणि मधे माझी आकृती. मी एकदा सरळ विचारलं. ते हसून म्हणाले, बाई, नोट्स कुणाच्या? माझ्या. मग आकृती कुणाची? मी म्हटलं, काढली कुणी? ते म्हणाले, तुम्ही काढली, सांगितली मी. त्यांनी काय सांगितलं होतं तर, मंगळवारपर्यंत द्या.

छपाई युनूसभाईंच्या प्रेसमध्ये व्हायची. निजामाच्या काळापासून त्यांच्या घरात छापखाना, आजोबा उर्दू लग्नपत्रिका छापायचे. युनूसभाईंना माझा राग कळायचा. एका वर्षी त्यांनी स्वतःहून शेवटच्या पानावर अगदी बारीक टायपात छापलं, आकृत्या अमुकतमुक, माझं पूर्ण नाव. सरांनी काय करावं? गठ्ठे परत पाठवले आणि त्या ओळीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून घेतल्या. प्रत्येक प्रतीवर! युनूसभाई मला म्हणाले, "बाई, पूरी जिंदगी छापखान्यात गेली, पण नाव झाकायची मजुरी मी पहिल्यांदाच केली." मी घरी येऊन ट्रेसिंगचा नवा कागद टराटरा फाडला, मग दुसरा घेतला, कारण मंगळवार जवळ आला होता.

आता जास्वंदीचं ऐका. नांदेडला आमचे मास्तर सांगायचे, समोर ठेवून काढ, दिसतं तेच काढ. म्हणून सरांनी पुस्तक पुढं केलं तरी मी फूल आणायचे. नळाजवळच्या जास्वंदीचं फूल तोडलं, ब्लेडनं मधोमध उभं चिरलं, काढलं. त्या फुलाची उजवीकडची पाकळी अळीनं कडेला कुरतडलेली होती. मी तीही तशीच काढली. मास्तरांचं ऐकलं हो, दुसरं काय! सरांनी बघितलं नाही, छापून गेलं. पुढच्या परीक्षेत काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. पेपर तपासायला बसलेल्या कुणा मास्तरांनी विचारलं म्हणे, लातूरच्या समद्या जास्वंदींना एकाच जागी अळी कशी लागली? पोरांनी कॉपी केली की काय अशी कुजबुज झाली. मार्क कुणाचे गेले नाहीत, ते मी आधी विचारून घेतलं. पण गोष्ट सरांच्या कानावर आली.

सरांनी मला हॉलवर बोलावलं. मला वाटलं खोलीत बोलतील. हॉल पोरांनी आणि आईबापांनी गच्च भरला होता. सरांनी माईक घेतला आणि माझं नाव घेतलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं स्वच्छ. म्हणाले, या आमच्या चित्रकार बाई, ही चूक यांच्या हातून झाली, क्लासचा यात दोष नाही. बास. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते नाव त्या माईकवरून आलं ते असं. चांगलं असलं की सरांचं, बिघडलं की बाईंचं! मी उभी राहिले, लोक माना वळवून बघत होते, आणि मला रडू नव्हतं येत, माझे कान तापले होते. वडील असते तर काय म्हणाले असते हेच डोक्यात फिरत होतं.

सरांनी सांगितलं तशी मी पाकळी दुरुस्त करून दिली. पण पोरं मोठ्या भावांच्या जुन्या नोट्स वापरायची, अळी काही गेली नाही. आणि मी तेव्हाच ठरवलं, नाव घालू देत नाहीत ना, मग खोड घालते. अभ्यासाला धक्का लागणार नाही अशी. बेडकाच्या डाव्या मांडीवर एक जास्तीचा ठिपका. प्रयोगाच्या आकृतीत काचेच्या भांड्याचा एक टवका उडालेला. पानाच्या देठाला गाठ. हे बघून कुणाला काही कळायचं नाही, पण मला कळायचं की हे माझं आहे.

आईबापांच्याही एकेक तऱ्हा होत्या. एक गृहस्थ मोटारीतून आले, पोराच्या प्रॅक्टिकलच्या वहीत सगळ्या आकृत्या तुम्हीच काढून द्या, पोराला वेळ नाही म्हणाले. मी म्हटलं, उद्या ऑपरेशनला पण मलाच बोलावणार का? ते रागावले नाहीत, दार लोटताना म्हणाले, तुमच्यासारखे काढणारे पुष्कळ मिळतील. तेच तर! काढणारे पुष्कळ असतात, म्हणून काढणाऱ्याला नाव नको. डाळीच्या पोत्यावर मिलचं नाव असतं की, मिली पण पुष्कळ आहेत.

मग सरांचे भागीदार फुटले. त्यांनी समोरच्याच गल्लीत स्वतःचा क्लास काढला आणि नोट्समध्ये त्याच आकृत्या छापल्या. तोच बेडूक, तोच ठिपका, तोच टवका. सर भडकले, माझा माल चोरला म्हणाले, कोर्टात जातो म्हणाले. आणि एका संध्याकाळी पेढे घेऊन माझ्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सोबत टाइप केलेला कागद होता. मी वाचला. लिहिलं होतं की सदर आकृत्या सरांनी स्वतः तयार केलेल्या असून मी त्यांच्या सांगण्यावरून त्यावर फक्त शाई फिरवली आहे. खाली रेघ, रेघेखाली माझं नाव.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी सही मागायला माझ्या दारात आलं होतं. हे माझं नाही असं लिहून द्यायला.

मी सरांना चहा दिला, कारण घरी आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो, आणि सांगितलं की विचार करते. ते गेल्यावर मी तडक युनूसभाईंकडं गेले. ते म्हणाले, बाई, आता थांबू नका, हे दोघं तुमच्याच वस्तूसाठी भांडून राहिलेत, तुम्ही मधे उभ्या राहा. त्यांच्या ओळखीच्या वकिलांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. छापलेलं नाव कुणीही घालतं, तुमच्या हातचं, तुमच्याच हातानं नाव घातलेलं, या भांडणाच्या आधीचं एखादं चित्र आहे का? असेच ठिपके, अशीच रेघ? ते असलं तर हात कुणाचा हे दाखवता येईल. डिप्लोमाची चित्रं हिमायतनगरच्या घरात पावसानं गेली होती. ठिपक्यांचं, नावाचं, जुनं असं माझं जगात एकच चित्र होतं.

औशावरून एसटी बदलून मी त्या गावी गेले. गाव नव्या जागी वसलेलं, सरळ रस्ते, सारखी घरं. मी आनंदात होते, खोटं कशाला सांगू. गिरजाबाईचं घर विचारलं तर कळलं की ती वारून बरीच वर्षं झाली. दारात एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी वही घेऊन बसली होती. भुवया मधे जुळलेल्या. आत भिंतीवर माझं चित्र काचेत बसवलेलं, कुंकू लावलेलं, आणि खाली माझं नाव, जसंच्या तसं. हे बघायला वडील हवे होते. मुलगी म्हणाली, माझी थोरली बहीण आहे, भूकंपात गेली, मी नंतरची. आणि चित्राखालच्या नावावर बोट ठेवून सहज म्हणाली, "हिचंच नाव मला ठेवलंय. पेपरला जाताना मी हिला सांगून जाते."

मला क्षणभर काही समजेना. तेवढ्यात शेवंता मागच्या दारानं आली. तिनं मला ओळखलं. माझा हात धरला आणि मला मागं मोरीपाशी नेलं. तिथं हळू आवाजात सांगितलं ते असं. पोरीला घरात सगळे चिमी म्हणायचे. पाळण्यातलं नाव पंचांगावरून ठेवलेलं, ते कुणाला आठवेना. शाळेत घातलेलीच नव्हती. सरकारच्या यादीत पण चिमीच लागली. गिरजाबाईला ते लागून राहिलं, पोर बिननावाची गेली. मग एक दिवस तीच म्हणाली, जिनं तिला परत दाखवली तिचं नाव हाय खाली, तेच तिचं. पुढं मुलगी झाली तिलाही तेच ठेवलं.

"ताई, तिला खरं सांगू नगा," शेवंता म्हणाली. "तिला वाटतंय बहिणीनं दिलंय."

मी परत आत आले. मुलीच्या वहीत जास्वंद अर्धी काढून झाली होती. शेजारी नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, फिकट पडलेली. लातूरचा क्लास परवडत नव्हता, मामेभावाकडून आणली होती म्हणे. ती खाली मान घालून उजवीकडची पाकळी काढत होती, आणि कडेला जिथं अळीनं खाल्लं होतं तिथं अगदी मन लावून खाच काढत होती. मी म्हटलं, ती पाकळी पुरी काढली तरी चालतं. ती म्हणाली, न्हाई, सरांनी अशीच दिलीय. मग वर बघून तिनं विचारलं, तुमचं नाव काय?

मी ज्या नावासाठी साहेबांशी भांडले, सरांशी भांडले, कागद फाडले, ते नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, लातूरची बाई म्हण. चहा प्यायले आणि चित्र न मागता निघाले.

वकिलांना मी कळवलं, चित्र मिळालं नाही. सर कागद न्यायला आले तेव्हा बिनसहीचाच परत दिला. सरांनी विचारलं, सही न करून तुम्हाला काय मिळणार? मी म्हटलं, मिळायचं ते मिळालं, तुम्ही निघा. पुढं त्या दोघांनी आपसात मिटवलं. दोघंही माझ्या आकृत्या छापत राहिले, मला काम देणं मात्र दोघांनीही बंद केलं. त्यावर माझा राग आजही तेवढाच आहे. तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. नव्या चित्रकारांनो, पहिल्या दिवशी, पहिल्या कागदावर नाव घाला आणि जो झाकायला येईल त्याच्याशी तिथंच भांडा. लाजू नका, मी लाजले.

मात्र संपादकांना मी परिचय आणि फोटो पाठवलेला नाही. गावाच्या, माणसांच्या काही खुणा मी बदलल्या आहेत, कोणत्या ते सांगणार नाही. ती मुलगी आता मोठी झाली आहे, शिकली आहे, दिवाळी अंक हातात घेत असेल. म्हणून या लेखावर नाव छापू नका, असं मी संपादकांना कळवलं. ते म्हणाले, ताई, बिननावाचा लेख लोक वाचत नाहीत. मी म्हटलं, वाचतील. बिननावाच्या आकृत्या गिरवून लोक डॉक्टर झालेत.